लिहायची मारी, हाकेला वारी

पोर्ट्री, स्काय बेट
मंगळवार, २४ जून २०२५

ती. आई-बाबा यांस,
अश्विनीचा शि. सा. नमस्कार.

रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि अजून दिवा लावलेला नाही. जूनमध्ये इथे अंधाराला यायची घाई नसते. तुमची नात पोटावर दूध उतू जाईस्तोवर प्यायली आहे आणि माझ्या डाव्या हातावर झोपली आहे. उजवा मोकळा आहे, तेवढ्यात लिहून काढते. पोस्टाने पाठवलं तर बारसं होऊन जाईल, म्हणून पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकते. बाबा, बोटांनी मोठं करून वाचा, आणि लाल पेन बाजूला ठेवा.

रविवारच्या फोनचं मनातून जात नाही. मी 'मारी' हे नाव सांगितलं आणि आई म्हणाली, "अगं, मरीआईचं नाव ठेवतं का कुणी लेकराला?" मागून टाळ ऐकू येत होते, पालखी सासवडात होती, घरात माणसं भरलेली. बाबा तर काहीच बोलले नाहीत. मी "बाळ रडतंय" म्हणून फोन ठेवला. बाळ रडत होतं, पण फोन ठेवण्याइतकं नव्हतं.

तर आता सगळं पहिल्यापासून.

इथला कायदा असा की मूल जन्मल्यापासून २१ दिवसांत नोंद करायची. इंग्लंडात ४२ दिवस देतात, स्कॉटलंडला घाई. आज नववा दिवस. बारावा शुक्रवारी येतो आणि निबंधकाकडे आम्हाला पुढच्या सोमवारची, ३० तारखेची वेळ मिळाली आहे. म्हणजे तुमच्याशी भांडायला माझ्याकडे फार दिवस नाहीत.

इन्व्हर्नेसहून आम्ही घरी आलो त्या संध्याकाळी सासरे आले. नेहमीसारखे दारातच बूट काढून, टोपी हातात घेऊन. नातीकडे बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय?" मला वाटलं चौकशी करताहेत. तुमच्या जावयाने, रुअरीने, सांगितलं तेव्हा कळलं. इथली जुनी रीत अशी की पहिला मुलगा झाला तर बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. आणि पहिली मुलगी झाली तर तिच्या आईच्या आईचं. दुसरी झाली की मग बापाच्या आईची पाळी. आता सगळेच काही पाळत नाहीत, पण सासऱ्यांच्या मनात तो हिशेब पक्का. त्यांच्या दृष्टीने नाव शोधायचा प्रश्नच नव्हता. ते तुझं होतं, आई. त्यांना फक्त उच्चार माहीत करून घ्यायचा होता.

मी म्हणाले, सुनंदा. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. आणि मग रुअरी, ज्याला मी कधी काळी सगळं सांगून बसले होते, म्हणाला, "पण ते तर लग्नातलं नाव ना? आधीचं वेगळं होतं."

बाबा, त्यानंतरची दहा मिनिटं तुम्ही तिथे असायला हवे होतात. सासऱ्यांना समजेना. म्हणाले, आडनाव बदललं म्हणतेस का? मी म्हटलं, नाही, नावच. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने नवीन नाव लिहितो. ते म्हणाले, "आणि जुन्याचं काय होतं?" मला उत्तर आलं नाही. इकडे बाईचं लग्न झालं तरी थडग्यावरसुद्धा पुष्कळदा माहेरचं आडनाव कोरतात. तेव्हा त्यांचं बावचळणं मी समजू शकते.

पण त्यांनी फार टेंभा मिरवू नये म्हणून रुअरीनेच त्यांच्या आईची गोष्ट काढली. तिचं नाव ओइरिक. कागदावर एफी आणि दगडावर युफिमिया. इथे १८७२च्या शिक्षण कायद्यात गॅलिक या इथल्या भाषेचा उल्लेखही नव्हता, शाळा इंग्रजीच्या, आणि नोंदवहीतही इंग्रजी नाव लिहायची पद्धत पडून गेली. त्यासाठी तयार जोड्याच होत्या. घरात बेहक तर कागदावर रिबेका. घरात तोरोमत तर कागदावर नॉर्मन. एकाचा दुसऱ्याशी अर्थाने काडीचा संबंध नाही, कानाला जरा जवळ वाटलं की लावून दिलं. म्हणजे तुमच्याकडे तांदळाचं ताट, यांच्याकडे सरकारी वही.

आई, तुझं मीरा हे नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते तुझ्या शाळेच्या दाखल्यावर. मी नववीत असेन. मी विचारलं ही कोण, तर तू दाखला घडी घालून परत पिशवीत ठेवलास आणि म्हणालीस, "होती एक." तू हसत म्हणालीस, म्हणून मी पण हसले. मामा अजून कधीतरी तुला "मीरे" म्हणतात आणि तू लगेच वळतेस, हे मी पाहिलं आहे. सुनंदा म्हटल्यावर इतक्या पटकन वळत नाहीस. बाबा, राग मानू नका, पण तुम्ही तेव्हा तिला विचारलं होतंत का? मला खरंच जाणून घ्यायचंय. चाळीस वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही.

सासरे निघता निघता दारात थांबले. म्हणाले, "नॉर्मन जर तोरोमत होऊ शकतो, तर मीरा ही मारीच की." आणि टोपी घालून गेले.

त्याआधी आमची यादी होतीच, आणि ती तुम्हाला न सांगितलेलीच बरी होती. तरी सांगते, करमणूक म्हणून. एली हे मला आवडलं होतं, पण ते इतकं लाडकं आहे की बागेत हाक मारली तर चार पोरी वळतील. सोरखा होतं, अर्थ उजळ. पण 'सोरखा' तुम्ही सुरेखा ऐकणार, आणि सुरेखाआत्याचं नाव ठेवलं म्हणून उरलेल्या दोघी आत्या माझ्याशी जन्मभर बोलणार नाहीत. सासऱ्यांच्या बाजूला डोलिना, मर्डिना अशीही नावं आहेत. घरात डोनल्ड किंवा मर्डो गेला आणि मुलगी झाली, की त्याच्या नावाला शेपूट लावून मोकळे. मर्डिना मी एका वाक्यात उडवून लावलं. आयर्लंडकडची नावं रुअरीने यादीत घेऊच दिली नाहीत. ती भाषा बहीण आहे, पण बहिणीचं पोर ते बहिणीचं, असं त्याचं म्हणणं.

आता मारी. आई, ते मरीआईचं नाही आणि चहात बुडवायच्या बिस्किटाचंही नाही. (ते मलाही सुचलं होतं. पहिलं तेच सुचलं.) मेरीचं हे गॅलिक रूप, आणि यात एक गंमत आहे जी तुम्हाला, माळकऱ्यांना, आवडेल. येशूच्या आईचं नाव या भाषेत मारी नाहीच, मोइरे आहे. ते फक्त तिचं. माणसांच्या मुलींना मारी म्हणायचं, मोइरे नाही. देवाचं नाव इतकं वरचं की पोरीला द्यायचंच नाही. आपण याच्या अगदी उलट. अजामिळाने मुलाचं नाव नारायण ठेवलं, मरताना पोराला हाक मारली आणि तेवढ्यावर तरून गेला, हे तुम्हीच मला सांगितलंत. मी ही गोष्ट सासऱ्यांना सांगितली. ते कट्टर प्रेस्बिटेरियन, त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, फारच स्वस्तात सुटला.

पण बाबा, मी हे पान खरं म्हणजे तुमच्यासाठी लिहायला घेतलं.

तुम्ही सदतीस वर्षं पोरांना विभक्त्या घोकायला लावल्यात. प्रथमेपासून सप्तमीपर्यंत सगळे नीट म्हणायचे आणि संबोधनाला येऊन अडायचे, कारण त्याला प्रश्न परीक्षेत कमी यायचा. तुम्ही म्हणायचात, संबोधन म्हणजे शेवटची विभक्ती नाही, ती घरातली पहिली. सीता ही नोंदवहीत, सीते ही अंगणात. मी दोन वर्षांपूर्वी इथे स्लेटच्या गॅलिक महाविद्यालयात, सॉल मोर ऑस्टेगला, नवशिक्यांच्या वर्गाला जायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे संबोधन समोर आलं आणि मला तुमची फार आठवण झाली. (सॉल मोर म्हणजे मोठं धान्याचं कोठार. १९७३ साली खरोखरच एका जुन्या शेतवाडीच्या इमारतीत सुरू झालं ते.) आपण हाक मारताना नावाचं शेपूट बदलतो. हे लोक तोंड बदलतात. शेमस नावाच्या माणसाला हाक मारायची तर 'अ हेमिश'. इंग्रजांनी ती हाकच ऐकली आणि तेच नाव समजले, म्हणून जगात हेमिश नावाची माणसं झाली.

मारीच्या म ला हाकेत ह लागतो, आणि म ला ह लागला की या भाषेत त्याचा व होतो.

अ वारी.

बाबा, मी खोटं बोलत नाही. लिहायची मारी, तिच्याबद्दल कुणाशी बोलायचं तर मारी, आणि तिला हाक मारायची तर वारी. मागच्या बुधवारी रुअरी तिचं लंगोट बदलत होता आणि पुटपुटत होता, "अ वारी, अ वारी, आता काय करू तुझं." मी स्वयंपाकघरात उभी होते. माझ्या हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं आणि तशीच उभी राहिले. त्याला काही कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, माउलींची पालखी आळंदीतून निघायची होती आणि यंदा तुम्ही तिच्याबरोबर नव्हता.

डॉक्टर गुडघ्याबद्दल काय म्हणाले ते आईने मला सांगितलं आहे. तुम्ही सांगितलं नाहीत, हेही लक्षात आहे माझ्या. अडीचशे किलोमीटर तुम्ही दर वर्षी चाललात. मी लहान असताना दिवेघाट चढून पालखी सासवडला आली, की दोन दिवस आपल्या पडवीत झोपलेली माणसं मोजायचा माझा खेळ असायचा. यंदा तुम्ही पडवीतच बसून राहिलात. आज ती जेजुरीला गेली असेल.

सरळ वारीच का नाही ठेवत नाव, असं तुम्ही विचाराल. ठेवतात लोक. इथे कितीतरी मुली नोंदवहीतच म-ह लिहून वारी झालेल्या आहेत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सासऱ्यांना वाटतं. ते म्हणतात, "ती हाक आहे, नाव नव्हे. हाक नोंदवायची नसते, मारायची असते." मी आधी रुअरीला म्हटलं, म्हाताऱ्याचा हट्ट. मग वाटलं, हा हट्ट मी ओळखते. कुणी 'मी आलो असतो' ऐवजी 'मी आलो असतोय' म्हटलं की तुमचा चेहरा असाच व्हायचा. आणि मला ते पटलंही. हाकेतलं नाव कागदावर गेलं की त्याची धार जाते. ते घरच्यांसाठी राहू दे.

एवढं मात्र मी ठरवलं आहे की म नंतरच्या आ वर तिरकी रेघ आली पाहिजे. ती रेघ म्हणजे आपला दीर्घ. नोंदवहीत ती गाळून टाकतात आणि आ आखूड होतो. सोमवारी मी ती रेघ कागदावर पडेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही. ऱ्हस्व-दीर्घाला दहापैकी दोन गुण कापणाऱ्या माणसाची मुलगी आहे मी.

आडनावाचंही ऐकून ठेवा, म्हणजे कागद पाहून दचकणार नाही. रुअरीचं गॅलिक आडनाव मॅकने सुरू होतं, मॅक म्हणजे मुलगा. मुलगी मॅक कशी असेल? म्हणून ती निक. बापलेकीची आडनावं वेगळी दिसतील, पण घर एकच. तसं गावात आडनाव कुणी विचारतही नाही, अर्धं गाव एकाच आडनावाचं. नवा माणूस दिसला की जुनी माणसं विचारतात, "को लेश ऊ?" म्हणजे तू कुणाची? अगदी आपल्या आजीसारखं, "कुणाची गं तू?" आणि त्याचं उत्तर आपल्या हजेरीपटासारखं द्यायचं. स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आजोबाचं. आपण आजोबाच्या जागी आडनाव लावून थांबतो, हे लोक वाटलं तर पणजोबापर्यंत जातात. तुमची नात 'मारी रुअरी खालिम'. कालम हे आजोबांचं नाव, मागे लागलं की खालिम होतं. बघा, सामान्यरूप.

या मारी नावाच्या बायका इथे साध्यासुध्या नव्हत्या. याच बेटावर १८२१ साली एक जन्मली, मारी वोर नान ओरान, म्हणजे गाण्यांची थोरली मारी. चोरीचा आळ येऊन १८७२ साली, पन्नाशीच्या घरात, इन्व्हर्नेसला तुरुंगात गेली. आळ खोटा आहे असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली, आणि तिथेच तिला गाणं फुटलं. पुढे जमीनदार कुळांना हुसकावून लावत होते तेव्हा सभांमधून तिची गाणी म्हटली जात. १८९८ मध्ये ती इथे पोर्ट्रीतच वारली. पोरगी गाईल की नाही ठाऊक नाही, फुप्फुसं मात्र त्या मापाची आहेत.

आई, तुझी दुसरी काळजी मला माहीत आहे, ती तू बोलली नाहीस. पोरगी मराठी बोलेल का. बोलेल. मी तिच्याशी दुसरं काही बोलतच नाही, मला जमतच नाही. तिच्या कानावर तीन भाषा पडतील आणि त्यातली इंग्रजी न शिकवता येईल. उरलेल्या दोघींसाठी घाम गाळायचा आहे. मराठीची माणसं आठ कोटींवर. गॅलिक थोडीफार तरी येणारी माणसं २०२२च्या शिरगणतीत सगळ्या स्कॉटलंडमध्ये मिळून १ लाख ३० हजार, शंभरात अडीच. बाबा, मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत ना? इथल्या पार्लमेंटने गॅलिकला अधिकृत दर्जा देणारा कायदा मंजूर केला तो १७ जूनला, म्हणजे आमची बाई जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सासऱ्यांनी पेढे वाटले नाहीत. बातमी ऐकली, रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "उशीर केलात." मग नातीला मांडीवर घेऊन तिच्याशी तासभर गॅलिकमध्ये बोलत बसले. तशी ही भाषा आपल्याला फार परकीही नाही. आई माहिर, भाऊ ब्राहिर, महिना मीस, तीन त्री. कुठेतरी फार मागे एकाच ओसरीवर बसलो असू.

सासरे चर्चमध्ये स्तोत्रांची ओळ सुरू करून देतात. एक माणूस ओळ उचलतो आणि सगळी सभा ती आपापल्या लयीत लांबवत मागून म्हणते. वाद्य नाही, टाळ नाही, नाहीतर तुम्हाला वाटलं असतं वीणेकरी उभा आहे. तुम्ही दोघं भेटाल तेव्हा भाषेची अडचण येईल, पण गप्प बसण्यात दोघांची जोडी जमेल.

शुक्रवारचं ठरलं आहे ते असं. आपल्याकडे संध्याकाळचे सहा, इथे दीड. रुअरीची बहीण आत्या म्हणून कानात नाव सांगणार. तिला 'कुर्र' शिकवताना माझे टाके दुखेपर्यंत हसले. घुगऱ्यांना हरभरे भिजत घालायचे आहेत. पाळणा तूच म्हणायचा आहेस, आई, फोन पाळण्याच्या दांडीला बांधू. आत्याबाई कानात एकदाच 'मारी' म्हणतील, आणि मग सगळे मिळून हाक मारतील.

पण त्याआधी मला तुझं उत्तर हवं आहे. गुरुवारपर्यंत सांग. ते नाव तुझं आहे. तू ठेवून दिलेलं आहेस, टाकलेलं की जपलेलं ते मला माहीत नाही. तू नको म्हणालीस तर एली ठेवू आणि मी पुन्हा विषय काढणार नाही. बाबांना विचारून सांगू नकोस. मामांना विचारलंस तर चालेल.

बाबा, गुडघ्याला गरम पट्टी लावताय ना? आणि तुम्ही काही न बोलता बसला होतात ते 'मरीआई'मुळे की आणखी कशामुळे, तेवढं लिहा. दोन ओळी चालतील.

तुमची,
अश्विनी

ता. क. सासरे आत्ता येऊन गेले. दूध आणि अंडी ठेवायला आले होते. मी फोनवर तुझा फोटो दाखवला, आई, तो निळ्या साडीतला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "मीऽरा." र जरा जास्तच घोळवला, पण ओळखू येत होतं.